चौथ्या रांगेतले ससे

काळूराम भोपीला मेमो मिळाला तो मोनाली नाखवाच्या तक्रारीवरून. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. प्राणिगृहाच्या दोनच चाव्या होत्या, एक त्याच्याकडे आणि एक तिच्याकडे.

'सशांच्या खाद्याचा अपहार होत असल्याचे निदर्शनास आले असून...' त्यानं कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि पिंजरे धुवायला गेला. पनवेलच्या त्या खाजगी फार्मसी कॉलेजात तो अठरा वर्षं उंदीर, गिनीपिग, ससे सांभाळत होता. अठरा वर्षांत त्याला कुणी चोर म्हटलं नव्हतं.

ही २०११च्या नोव्हेंबरातली गोष्ट.

मोनाली एम. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला होती. उरणजवळच्या मोऱ्याची, कोळ्याची मुलगी. वडील विठू नाखवा आधी मासेमारीला जायचे, मग बंदरात कामाला लागले. बंदरात पगार होता, सावली होती आणि दोन्ही वेळा कँटीनचं तळलेलं खाणं होतं. पन्नासाव्या वर्षी छातीत कळ आली. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या निम्म्याहून जास्त भरल्यात असं डॉक्टरांनी सांगितलं आणि कोलेस्टेरॉलची गोळी कायमची लावून दिली. विठू गोळी घ्यायचे, पण विश्वास गोळीवर नव्हता, सातविणीच्या सालीवर होता. रोज सकाळी साल उकळून तो कडूजहर काढा ते एका दमात प्यायचे आणि बायकोला सांगायचे, "ह्यानंच मी जगलो हाय."

मोनालीनं प्रबंधाला हाच विषय घेतला. सातविणीच्या सालीचा अर्क खाण्यापिण्यातून होणाऱ्या धमनीविकारावर चालतो का? चोवीस ससे, सहा-सहाच्या चार रांगा. पहिल्या रांगेला साधं खाद्य. बाकी तिन्ही रांगांच्या खाद्यात खोबरेल तेलात कालवलेलं कोलेस्टेरॉल, म्हणजे धमन्या भरायलाच हव्यात. शिवाय तिसऱ्या रांगेला बाजारात मिळणारं औषध आणि चौथीला तिचा अर्क, दोन्ही खाद्यातच मिसळून. बारा आठवड्यांनी रक्त तपासायचं, ससे मारायचे आणि धमन्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या.

काळूरामचं आणि तिचं पहिल्याच दिवशी बिनसलं होतं. तिचं आडनाव ऐकून त्यानं सहज विचारलं, "मोऱ्याची का तू? कोनाची पोर?"

"मॅडम म्हणा," मोनाली म्हणाली. "आणि जरा नीट मराठीत बोला."

मागे उभे असलेले दोन विद्यार्थी हसले. काळूराम खारघरच्या कडेच्या ओव्याचा, पन्नाशी उलटलेला माणूस. बाकी सगळे विद्यार्थी त्याला काळूरामकाका म्हणत. मोनाली नुसतं काळूराम म्हणे, आणि तेही हाक मारल्यासारखं नाही, हजेरी घेतल्यासारखं.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं सांगितलं, "चौथी लाईन खात नाय."

"कशावरून?"

"अर्धा-अर्धा तसाच ऱ्हातो. कडू लागतंय त्यांना."

"मी येते तेव्हा भांडी रिकामी असतात."

"मी धुतो म्हनून रिकामी असतात. तुमी येता दहाला."

"तुमचं काम पिंजरे धुवायचं," मोनाली म्हणाली. "प्रयोग मी बघते."

चार दिवसांनी तिनं त्याला संध्याकाळी मागच्या दारानं पिशवी घेऊन जाताना पाहिलं. पिशवीत सशांचं खाद्य होतं. ती उकिरड्यावर जाते की त्याच्या घरी, हे बघायला ती थांबली नाही. सरळ केणी सरांकडे गेली. डॉ. धर्मराज केणी हे विभागप्रमुख आणि तिचे मार्गदर्शक. त्यांनी त्याच दिवशी मेमो काढायला लावला.

मेमो मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काळूराम प्राणिगृहात आला. प्रयोगशाळेतला वजनकाटा त्यानं टेबलावर मांडला आणि शंभर पानी वही उघडली. चोवीस पिंजऱ्यांतलं उरलेलं खाद्य एकेक करून वजन केलं, तारीख घातली, पिंजऱ्याचा नंबर घातला, आकडे लिहिले. मग रोज लिहीत गेला, रविवारीसुद्धा.

एकदा मोनाली लवकर आली आणि तिनं ते बघितलं. "हे काय चाललंय?"

"चोरानं काय काय चोरलं त्ये लिवतोय."

"लिहा, लिहा," ती म्हणाली. "तेवढाच तुमचा वेळ जाईल."

त्यानंतर दोन महिने दोघं एकमेकांशी कामापुरतंसुद्धा बोलले नाहीत. काही सांगायचं असलं की ती फळ्यावर लिही. तो वाचून पुसून टाकी.

जानेवारीत रक्ताचे रिपोर्ट आले. नुसत्या कोलेस्टेरॉलवर ठेवलेल्या दुसऱ्या रांगेत आकडा नऊशेच्या वर गेला होता. चौथ्या रांगेत तो पाचशेच्या आत होता. केणी सरांनी कागद हातात घेऊन खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

"आणि वजन बघ," ते म्हणाले. "वजनही कमी वाढलंय. म्हणजे हा अर्क लठ्ठपणावरही चालतो. मोनाली, पेटंटचा विचार करायला हवा."

वजन कमी का वाढलं, हा प्रश्न मोनालीच्या मनात आला नाही असं नाही. आला आणि गेला. खूश असलेल्या सरांना थांबवावं असं तिला वाटलं नाही.

आठवड्याभरात स्थानिक पेपरात बातमी आली. 'सातविणीच्या सालीने हृदयरोगावर मात! पनवेलच्या कॉलेजचे संशोधन'. फोटोत सर ससा घेऊन उभे होते आणि मोनालीचा अर्धा चेहरा कडेला कापला गेला होता. रविवारी ती मोऱ्याला घरी गेली तर वडिलांनी कात्रण टीव्हीच्या वरच्या भिंतीला चिकटवून ठेवलं होतं.

"तुज्या बापानं गोळ्या बंद केल्या," विठू छाती पुढे काढून म्हणाले. "आता काढा दोन टायम घेतो. घरात डाक्तरीन असल्यावर त्या डाक्तरची गोळी कनाला?"

मोनाली दचकली. "बाबा, धमन्यांचा रिपोर्ट अजून यायचाय."

"पेपरात आलाय ना?"

आई कौतुकानं बघत होती. शेजारच्या बायका दारात उभ्या होत्या. मोनाली हात धुऊन जेवायला बसली.

धमन्या तपासायचं काम अबीगेल वाक्रूळकर मॅडमचं होतं. मुंबईच्या एका इस्पितळात पॅथॉलॉजीत तीस वर्षं काढून त्या पनवेलला परतल्या होत्या आणि कॉलेजात शिकवत होत्या. घराणं बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, आणि भाऊबहिणी सगळे इस्राएलला गेलेले. मॅडम तेवढ्या राहिल्या, आणि त्याही गेल्या असत्या तर बरं झालं असतं असं निम्मे विद्यार्थी म्हणत. त्यांच्याकडे स्लाइड जायच्या त्या नुसत्या नंबरावर. कोणता ससा कोणत्या रांगेतला, हे त्यांना ठाऊक नसायचं.

एका शुक्रवारी दुपारी त्यांनी मोनालीला आणि केणी सरांना बोलावलं. मोनाली खुर्ची ओढायला लागली.

"बसू नकोस," मॅडम म्हणाल्या. "आधी सांग, ह्या सहा सशांना काय झालं होतं?" त्यांनी चिठ्ठी पुढे सरकवली.

मोनालीनं नंबर बघितले. सहाही चौथ्या रांगेतले होते. "मॅडम, हे अर्काचे आहेत."

"अर्काचे असोत नाहीतर अमृताचे. ही जनावरं उपाशी होती."

"धमन्यांचं बोला ना मॅडम," केणी सर हसत म्हणाले. "चट्टे कमी आहेत की नाहीत?"

"कमी आहेत. चरबी पोटात गेलीच नाही तर धमनीत कुठून येणार? मूत्रपिंडाभोवती बघा, चरबीचा पत्ता नाही. स्नायू वाळलेत." त्या मोनालीकडे वळल्या. "किती खात होते हे?"

"रोज शंभर ग्रॅम."

"ते तू घातलंस. त्यांनी खाल्लं किती?"

मोनालीनं चिठ्ठीवरचे नंबर पुन्हा वाचले.

"घातलेलं आणि खाल्लेलं एकच असतं का गं? पाच वर्षं फार्मसी शिकलीस ना?"

"मॅडम, हे तुमच्या कक्षेत येत नाही," केणी सरांचा आवाज बदलला. "तुम्हाला चट्टे मोजायला सांगितलंय."

"मोजलेत. खाली शेरा लिहिलाय. तो खोडायचा असेल तर माझी सहीही खोडा, म्हणजे मी सगळीकडे सांगत फिरायला मोकळी."

बाहेर व्हरांड्यात सरांनी मोनालीला गाठलं. "उरलेल्या खाद्याची नोंद नाही ना कुठे?"

"नाही सर."

"मग प्रश्नच येत नाही. म्हातारीचं मी बघतो."

खोटं बोलताना तिच्या डोळ्यांपुढे काळूरामची शंभर पानी वही होती. आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो ती वही मिळवून फाडून टाकायचा. पुढे कधी ही हकिगत सांगताना तिनं हे लपवलं नाही.

शनिवारी काळूराम रजेवर होता. ती विचारत विचारत ओव्याला त्याच्या घरी पोचली. चहूबाजूंनी टॉवर उठलेले आणि मध्ये त्याचं कौलारू घर. तो ओटीवर बसला होता. त्यानं तिला बस म्हटलं नाही.

"ती वही पाहिजे," मोनाली म्हणाली.

"कनाला? जाळायला?"

तिचा चेहरा लाल झाला. "कॉलेजच्या प्रयोगाची नोंद आहे ती. कॉलेजची मालमत्ता आहे."

"वही माजी. पेन माजा. सकाळी सातला उठून जायाचो तो टायम माजा. मालमत्ता कशी तुमची?"

"काळूराम, हे बघा, तुम्हाला यातलं कळत नाही..."

"मना कळत नाय?" तो उठून उभा राहिला. "तिसऱ्या हप्त्यात मी सांगतलं, लाईन खात नाय. तुला कळलं? मना चोर बोललीस. माज्या पोरीच्या सासरपर्यंत ती गोष्ट गेली. आता वही मागाला आलीस? चल, निघ."

मोनाली पायऱ्या उतरली. अंगणाच्या मध्यावर जाऊन थांबली. मग वळली आणि ओरडलीच, "माजा बापूस गोळ्या सोडून बसलाय! पेपर बगून सोडल्यान त्यानं! त्ये ससे उपाशी होते क नाय, एवडंच मना बगाचंय! त्याला काय झालं तं मी काय करू?"

कॉलेजात पाय ठेवल्यापासून ती या बोलीत कुणाशी बोलली नव्हती. शेजारच्या ओटीवरची माणसं बघायला लागली. काळूराम एक पायरी खाली उतरला.

"आता बोललीस," तो म्हणाला. "आदी मेमोचं लिव."

त्यानं कागद दिला. तिनं पायरीवर बसून लिहिलं, की माझी तक्रार खोटी होती, मी खात्री न करता केली, श्री. काळूराम भोपी यांनी खाद्य घरी नेलेलं नाही, सशांनी न खाल्लेलं तेवढं उकिरड्यावर टाकलं. त्यानं ते तिला मोठ्यानं वाचायला लावलं. शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, दोनदा. मग घडी करून खिशात ठेवलं आणि आत बघून सुनेला म्हणाला, "नीता, पानी आन गं."

वही त्यानं हातात दिली नाही. तो वाचत गेला, ती उतरवत गेली. दुसऱ्या रांगेत उरलेलं पाच ग्रॅम, सात, चार. तिसऱ्या रांगेत आठ, सहा. चौथ्या रांगेत चव्वेचाळीस, एकावन्न, सत्तेचाळीस. तिसऱ्या पानावरच तिला कळून चुकलं. चौथ्या रांगेनं जवळजवळ निम्मंच खाल्लं होतं, म्हणजे कोलेस्टेरॉलही निम्मंच. तरी ती सगळी पानं उतरवून घेईपर्यंत उठली नाही, आणि काळूरामनंही एक आकडा गाळला नाही.

त्याच संध्याकाळी ती मोऱ्याला गेली.

"बाबा, सशांना काढा कडू लागला. त्यांनी खाल्लंच नाय. उपाशी ऱ्हायले म्हनून रक्त सुधारलं."

"म्हंजे साल खोटी?"

"मना ठाव नाय. अजून कोनालाच ठाव नाय. तुमी गोळी घ्या."

"मंग पेपरात कनाला छापलंस?" विठू ताडकन उठले. "गावभर मी सांगत फिरलो, माजी पोर, माजी पोर! बापाला तोंड दाखवाला जागा ठेवली नाय तू!" त्यांनी कात्रण भिंतीवरून ओरबाडून काढलं. भिंतीचा रंगही त्याबरोबर निघाला.

पण तिनं गोळी आणि पाण्याचा पेला हातात धरून ठेवला, आणि ते घेईपर्यंत समोरून हलली नाही. विठूंनी गोळी गिळली. त्यानंतर चार महिने ते मुलीशी बोलले नाहीत. ती आली की ते जेट्टीवर जाऊन बसत.

सोमवारी तिनं उरलेल्या खाद्याचा तक्ता केणी सरांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, आणि पहिल्यांदाच तिला खुर्ची दिली.

"एका शिपायाच्या वहीवरून तू दोन वर्षांचं काम मातीत घालणार?"

"सर, ते खरं आहे."

"खरं काय ते मी ठरवतो. हा तक्ता प्रबंधात गेला तर माझी सही होणार नाही. आणि या भागात नोकरी कशी मिळते तेही बघतो."

त्यांनी सही केली नाही. मोनालीनं मार्गदर्शक बदलून घेतला आणि तिचं एक वर्ष गेलं. वाक्रूळकर मॅडम तिला घ्यायला तयार झाल्या, पण प्रेमानं नव्हे. "मला तुझी दया आलेली नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "प्रयोग अर्धवट राहिलाय, तो मला खुपतोय."

प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या समितीची परवानगी नव्यानं काढावी लागली. या खेपेला रांगा पाच होत्या. पाचव्या रांगेला अर्क नव्हता, पण खाद्य बेतून घालायचं होतं. आदल्या दिवशी चौथ्या रांगेनं जेवढं खाल्लं, तेवढंच पाचवीला. अर्कात काही गुण असेल तर चौथी रांग पाचवीपेक्षा चांगली निघेल. नुसत्या उपासाचा गुण असेल तर दोन्ही सारख्या निघतील. सगळं काट्यावर अवलंबून होतं, आणि काटा काळूरामकडे होता.

ती आता सकाळी सातला यायची. दहा मिनिटं उशीर झाला की तो घड्याळाकडे बोट दाखवी. एकदा तिनं त्याला काका म्हटलं.

"मी तुजा काका नाय," तो म्हणाला. "सतरा नंबर, त्रेचाळीस. लिव."

केणी सरांनी त्या वर्षात प्राणिगृहाची वीज दोनदा दुरुस्तीच्या नावाखाली बंद करायला लावली, असा मॅडमना संशय होता. सिद्ध काही झालं नाही. पंखे बंद असताना काळूराम आणि मोनाली पुठ्ठ्यानं पिंजऱ्यांना वारा घालत बसले, एकमेकांकडे पाठ करून.

फेब्रुवारी २०१३मध्ये मॅडमनी स्लाइड बघून संपवल्या आणि कोणता नंबर कोणत्या रांगेतला ती यादी उघडली. तिसरी रांग, औषधाची, स्पष्ट चांगली होती. चौथी आणि पाचवी सारख्या होत्या. चट्टे सारखे, रक्तातले आकडे सारखे. निदान या सशांवर आणि या मात्रेत सातविणीच्या सालीनं काहीही केलं नव्हतं.

मोनालीनं आकडे पुन्हा ताडून पाहिले. इतकं झालं तरी आत कुठेतरी तिला आशा होती, की थोडा तरी फरक निघेल, वडिलांना सांगण्यापुरता.

"रडायचं असेल तर बाहेर जा," मॅडम म्हणाल्या. "स्लाइडवर पाणी नको." मग सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाल्या, "काम स्वच्छ झालंय."

मोनालीला पदवी मिळाली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "म्हणजे तीन वर्षांत काही सापडलं नाही." ती म्हणाली, "सापडलं सर. ते औषध नाही, हे सापडलं." त्यांनी मार्क बेताचेच दिले.

पुढच्या दिवाळीत मॅडमनी तिला एक जर्नल दाखवलं. त्यात केणी सरांचा लेख होता. पहिल्या प्रयोगाचे सगळे आकडे, उरलेल्या खाद्याबद्दल एक अक्षर नाही, आणि लेखकांमध्ये तिला न विचारता दुसरं नाव तिचं. मोनाली तेव्हा तळोज्याच्या एका कारखान्यात नोकरीला लागली होती. तिनं दोन दिवस रजा काढली आणि संपादकांना पत्र लिहिलं. दोन्ही प्रयोगांचे तक्ते जोडले, माझं नाव काढून टाका असं कळवलं, आणि खाली तीन सह्या घेतल्या. तिची, मॅडमची आणि काळूरामची.

केणी सरांनी तिला फोन करून अद्दल घडवायची धमकी दिली. तिच्या साहेबांनाही त्यांनी फोन केला. नोकरी जायची वेळ आली होती, गेली नाही एवढंच.

जर्नलनं लेख मागे घेतला नाही. सात महिन्यांनी शेवटच्या पानावर तिचं पत्र तेवढं छापलं, अर्धं पान, बारीक टायपात, खाली तिन्ही नावं. अंक घेऊन ती कॉलेजात गेली. काळूराम पिंजरे धूत होता. त्यानं हात पुसले, चष्मा लावला आणि शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं. एकेक अक्षर लावत त्यानं ती ओळ तीनदा वाचली.

"भोपी नाय," तो म्हणाला. "ह्यांनी भोपे लिवलाय."

मोनालीनं बघितलं. खरंच चुकलं होतं. "आता काय करू?"

"परत लिव त्यांना."

आणि तो बादली उचलून पुढच्या पिंजऱ्याकडे गेला. मोनालीनं टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, खुर्चीत बसली आणि संपादकांना पत्र लिहायला लागली.